खोली एक, चूल वेगळी

परभणी जिल्ह्यात गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, येलदरीचं धरण आहे. समुद्र तेवढा नाही. तो पश्चिमेला पाचएकशे किलोमीटरवर, मुंबईत ठेवलेला आहे. मंत्रालयातलं काम न झाल्यामुळं हातात वेळ उरलेला आमचा माणूस मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर त्याच्याकडं तोंड करून घटकाभर बसतो आणि रात्रीच्या गाडीनं परत येतो. समुद्राशी आमची ओळख एवढीच. असं असूनही आज मोंढ्यात चक्कर मारली तर दहा-बारा मजली जहाजावर मुक्काम करून आलेली बरीच माणसं भेटतील. याचं श्रेय पर्यटनाच्या हौसेला जात नाही. ते सोयाबीनच्या बियाण्याला आणि तणनाशकाला जातं.

हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाच्या आधी बियाण्याच्या आणि औषधाच्या कंपन्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना स्कीम देतात. एवढ्या बॅगा उचलल्या तर एवढी भेटवस्तू, त्याहून जास्त उचलल्या तर सोन्याचं नाणं, आणि गोदामात पाय ठेवायला जागा उरणार नाही इतक्या उचलल्या तर फॉरेन टूर. फॉरेन म्हणजे पूर्वी थायलंड. पण थायलंडचं नाव काढलं की घरची मंडळी प्रश्न विचारायला लागली, तेव्हापासून कंपन्यांनी सिंगापूरहून सुटणारी जहाजं शोधून काढली. जहाज म्हटलं की घरच्यांना वाटतं, माणूस पाण्यात आहे, जाऊन जाऊन जाणार कुठं? ज्या जिल्ह्यात भेंडीच्या वाणाला 'परभणी क्रांती' म्हणतात आणि ज्वारीच्या वाणाला 'परभणी मोती', तिथं बियाण्यानं माणसाला कुठवर न्यावं याला काही धरबंध नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगाच म्हणत नाही.

माझं स्वतःचं दुकान नाही. साडूभाऊंचं आहे. त्यांनी दोन माणसांची टूर कमावली होती. मुलाची परीक्षा आडवी आली आणि वर्णी माझी लागली. आमच्या तुकडीत जिल्ह्यातले जवळजवळ सगळे तालुके होते. अशा टूरवर माणसाचं आडनाव गळून पडतं आणि गाव तेवढं उरतं. मानवतचे काका, सेलूचे शेठ, पाथरीचे मामा, मामांचा सख्खा भाचा (त्याचं दुकान सोनपेठला), पूर्णेचं पोरगं, जिंतूरकर आणि गंगाखेडचे माऊली. माऊलींच्या गळ्यात तुळशीची माळ. जनाबाईच्या गावचा माणूस, आषाढीची वारी चुकवत नाही. चहाच्या पलीकडं कुठलं व्यसन नाही. एवढ्या बॅगा त्यांनी कशा खपवल्या याचं मोंढ्यात सगळ्यांना कोडं होतं. उत्तर सोपं होतं: ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाहीत आणि उधारी लिहून ठेवतात.

निघायच्या आठवडाभर आधी टूर मॅनेजरनं ग्रुपवर एक पीडीएफ टाकली. आमच्याकडं पीडीएफ उघडायची पद्धत नाही. खाली 'धन्यवाद साहेब' लिहायचं, हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. ती उघडली एकट्या माऊलींनी, कारण औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची त्यांना सवय. मजकूर असा होता की जाणं, येणं, राहणं, खाणं कंपनीकडं. पिणं ज्याचं त्याच्याकडं. ज्याला प्यायचं असेल त्यानं आधी पॅकेज घ्यावं, ते स्वस्त पडतं. इथवर ठीक होतं. त्याच्या खाली नियम होते.

हे नियम कुणा एका जहाजाचे नाहीत, सगळ्या बिरादरीचे आहेत. कार्निव्हल ही अमेरिकेतली मोठी जहाजकंपनी. तिच्या 'चिअर्स' नावाच्या पॅकेजात सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत दारूचे १५ पेले मिळतात. सोळावा मिळत नाही. एका पेल्यानंतर दुसरा मागायचा तर मध्ये ५ मिनिटं गेली पाहिजेत. एका वेळी एकच पेला, तोही स्वतःसाठी. दुसऱ्याला पाजताना सापडलात तर पॅकेज रद्द, पैसे परत नाहीत. पॅकेज एका दिवसाचं मिळत नाही, अख्ख्या सफरीचं घ्यावं लागतं. रॉयल कॅरिबियनचं पॅकेजही साधारण याच वळणाचं, वर १८ टक्के सेवाशुल्क. आणि या दोघांच्याही नियमावलीत एक कलम आहे, जे वाचून माऊलींनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं: एका केबिनमधल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्या केबिनमधल्या प्रत्येक प्रौढानं ते घेतलंच पाहिजे. प्रौढ म्हणजे अमेरिकेत २१ वर्षांवरचा. सिंगापूरला १८ पुरतात.

आमच्या जहाजाचं कलमही तेच होतं. माऊलींनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली. "जोडीदार पिणार आणि पैसे मी भरणार, हे कस्काय?"

खरं सांगायचं तर मला त्या कलमाचा राग आला नाही, कौतुक वाटलं. मियामीत बसलेल्या ज्या कुणी ते लिहिलं, त्यानं परभणीचं बसस्थानक पाहिलेलं नसणार. तरी त्यानं आम्हाला बरोबर ओळखलं. आमच्याकडं एकट्यानं काही पिणं हा उद्धटपणा समजला जातो. हॉटेलात तिघं बसले तर दोन चहा आणि एक रिकामा कप येतो. 'दोन में तीन' हा शब्द निजामाच्या राज्यातून आला असावा. ते राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, दोन में तीन चालू आहे. रसवंतीवर एक फुल ग्लास आणि दोन रिकामे मागितले तर रसवाला मान वर करून पाहतसुद्धा नाही. अशा वीस माणसांना समुद्रावर नेऊन एकाला अमर्याद पेय दिलं आणि एकोणिसांना दिलं नाही, तर संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस प्यायलेले असतील आणि बिल एकाचं असेल. कंपनीला हे कळलेलं आहे. तिनं बंदोबस्त केला. बंदोबस्ताचं एकक निवडताना मात्र ती चुकली.

तिनं खोलीला चूल मानलं. आपल्या पुरवठा खात्याचं जसं चालतं तसं. एक चूल, एक रेशनकार्ड. ज्याला वेगळं कार्ड पाहिजे त्यानं चूल वेगळी दाखवावी. पण रेशनकार्डवालाही एवढं जाणून आहे की एका छपराखाली तीन चुली असू शकतात. भाऊ-भाऊ एका वाड्यात राहतात, एका आडाचं पाणी पितात आणि एकमेकांच्या तव्यावरची भाकरी खात नाहीत. व्यसनाचं तर विचारूच नका. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला विचारा: आजोबांची चिलीम वेगळी, थोरल्या काकांची तंबाखू वेगळी, आजीची मिश्री वेगळी आणि धाकट्या काकांची बाटली ज्वारीच्या कणगीत. ती कणगीत आहे हे घरात सगळ्यांना माहीत, फक्त 'सगळ्यांना माहीत आहे' हे धाकट्या काकांना माहीत नाही. एका खोलीत झोपतात म्हणून दोन माणसांची सवय एक होते, असं अमेरिकेतच वाटू शकतं.

तेव्हा आता खोल्यांची फेरवाटणी करणं आलं. पिणारा पिणाऱ्यासोबत, कोरडा कोरड्यासोबत. वीस माणसं, दहा खोल्या. हिशेब पाचवीच्या पोराचा. टूर मॅनेजर हा पुण्याचा चुणचुणीत मुलगा. मुंबईला जाताना देवगिरी एक्सप्रेसमध्ये, परभणी स्टेशन सुटल्यावर लगेच, तो डब्यात उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, ज्यांना ड्रिंक्स पॅकेज हवंय त्यांनी प्लीज हात वर करा."

पुण्याचा असल्यानं त्याला माफ केलं पाहिजे. ज्या डब्यात मामा आणि भाचा समोरासमोर बसलेले आहेत, मानवतच्या काकांचे व्याही शेजारच्या बर्थवर आहेत आणि सेलूचे शेठ एका शाळेच्या संस्थेवर आहेत, तिथं हा प्रश्न विचारत नसतात. चार हात वर झाले. त्यातला एक पूर्णेच्या पोराचा होता आणि तो पंख्याचं बटण शोधत होता.

मग गाडीला वेग आला, डब्यातले दिवे बंद झाले आणि टूर मॅनेजरचा फोन वाजायला लागला. एकेक खाजगी मेसेज. "साहेब, माझं नाव घ्या, पण यादीत नको." "कधीमधी घेतो, सर्दीसाठी." "पाथरीच्या मामांना कळू देऊ नका." हा मेसेज भाच्याचा. पुढचाच मेसेज मामांचा: "भाच्यासमोर विषय काढू नये." संभाजीनगर येईपर्यंत चाराचे अकरा झाले. मतदानात आणि मतमोजणीत एवढा फरक आमच्याकडं ग्रामपंचायतीलाही पडत नाही.

अकरा ही संख्या या ठिकाणी फार वाईट. अकरातून पाच जोड्या जमतात आणि एक उरतो. उरलेल्या नऊ कोरड्यांतून चार जोड्या जमतात आणि एक उरतो. मामा आणि भाचा यांना अर्थातच दोन टोकांना टाकावं लागलं. पिणाऱ्यांतल्या एकाचं घोरणं इतकं प्रसिद्ध होतं की त्याच्या जोडीला ऐकू कमी येणारा माणूस शोधावा लागला. सुदैवानं तोही पिणारा निघाला. रात्रभर खडाखोड करून पहाटे कल्याणला मुलानं यादी वाचली. दहाव्या खोलीत उरलेले दोघं होते: जिंतूरकर आणि गंगाखेडचे माऊली.

जिंतूरकर भला माणूस. म्हणाला, "माऊली, तुमच्यासाठी मी सोडतो." डब्यात क्षणभर भक्तिभाव पसरला. मग तोच म्हणाला, "पण आता नाही. टूर झाल्यावर."

*

सिंगापूरला मरीना बेच्या क्रूझ सेंटरवर सामानाची तपासणी झाली. तिथं आमच्या तुकडीचा पहिला कलम-भंग उघड झाला. जहाजावर बाहेरचं पेय नेण्याबद्दल या कंपन्या फार कडक. कार्निव्हलनं तर २०१५ पासून प्रवाशांना पाण्याच्या बाटल्याही आणायला मनाई केली, कारण लोक त्यांत पाण्यासारखं दिसणारं दुसरंच काही भरून आणायचे. माऊलींच्या पिशवीतून तांब्याचा फिरकीचा तांब्या निघाला. अधिकाऱ्यानं फिरकी उघडली, वास घेतला, चेहऱ्यावर संशय तसाच ठेवून दुसऱ्याला वास दिला. गोदावरीचं पाणी होतं. गंगाखेडहून निघताना भरलेलं. तांब्या रिकामा करून परत मिळाला. तीन विमानतळांवरून ते पाणी इथवर कसं आलं, हे मी माऊलींना विचारलं. ते म्हणाले, "मी तोंडातोंडी भरलेलं न्हवतं." या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

जहाजावर पहिलं काम म्हणजे दहाव्या खोलीचा निकाल. मी दुभाषा म्हणून माऊलींसोबत काउंटरवर गेलो. तिथं फिलिपिन्सची एक हसरी मुलगी होती. मी तिला सांगितलं, हे पीत नाहीत. ती म्हणाली, अजिबात नाही? अजिबात नाही. ती म्हणाली, डॉक्टरांचं पत्र आहे का? प्रकृतीचं कारण असेल तर विचार करता येईल. मी माऊलींना सांगितलं. माऊली सत्तरीचे, पंढरपूरपर्यंत पायी जाणारे. म्हणाले, "तिला सांगा, मला काय बी झालेलं न्हाई. म्हणूनच पीत न्हाई."

हे ऐकून मला आपल्या राज्याची आठवण आली, कारण आपल्याकडं नेमकं उलटं आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या वेळी आम्ही मुंबई राज्यात नव्हतो. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला तिकडं जोडला गेला आणि पाठोपाठ हा कायदा आमच्याकडं आला. नाव बदलून तो आजही लागू आहे. त्याप्रमाणं महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये. वर्षाचा १०० आणि आजन्म १०००. बीअर-वाइनला वय २१, त्यापुढच्या मालाला २५. आणि या परवान्याचं कागदोपत्री कारण काय? प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे परभणीच्या बारमध्ये बसलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या दृष्टीनं औषध घ्यायला आलेला असतो, आणि जहाजावर न पिणाऱ्या माणसाला आपण आजारी आहोत असं सिद्ध करावं लागतं. हजार रुपयांत जन्मभराचं पॅकेज देणारं महाराष्ट्र शासन जगात एकमेव असावं. त्यात परवानगी तेवढी समाविष्ट आहे, पेला नाही, हा भाग वेगळा. दर महिन्याला १२ युनिटची मर्यादा तिथंही आहे. पण जोडीदारानं परवाना काढला म्हणून तुम्हीही काढा, असं शासन म्हणत नाही. शेवटी ते आपलं आहे.

माऊलींनी मग माळ दाखवली. ती पुढं वाकली, माळेकडं नीट पाहिलं. तिच्या गळ्यात बारीक क्रूस होता. काय समजायचं ते ती समजली असावी, कारण आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली. तोडगा निघाला. दारूच्या पॅकेजऐवजी माऊलींनी साधं पॅकेज घ्यावं: फळांचे ताजे रस, मशीनची कॉफी, सरबतं, थंड पेयं. दिवसाला तीसएक डॉलर. अशी सूट काही कंपन्या विनंतीवरून देतात, नियमात ठळक लिहीत नाहीत. माऊलींनी मनात रुपये केले आणि त्यांचा चेहरा पडला. गंगाखेडला तेवढ्यात अख्ख्या गल्लीला रस पाजता आला असता. पण मागं जिंतूरकर उभा होता, घड्याळाकडं पाहत. माऊलींनी अंगठा टेकवावा तशी सही केली.

मग एक प्रश्न विचारला. "मधी बंदराला उतरणार त्या दिवसाचा खाडा धरणार का?"

ज्यांनी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या दिवसांत मेस लावलेली आहे त्यांना खाडा सांगायला नको. आपण गावी गेलो तर तेवढ्या दिवसांचे पैसे मेसवाल्या काकू वजा करतात. यात माणुसकी आहे आणि साधा व्यवहारही. मी हे इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. मुलगी हसली आणि म्हणाली, नो सर. बंदराला उतरा, झोपून राहा, आजारी पडा, मीटर चालू.

*

अमर्याद गोष्ट हातात आली की आमच्या माणसाचं पहिलं काम म्हणजे वसुली. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून आहे. एकदा चार किंवा सात दिवसांचा पास काढला की कुठंही हिंडा. तो पास काढून माणसं जिथं काही काम नाही, नातेवाईक नाही, देऊळसुद्धा नाही अशा गावांना जाऊन आलेली मी पाहिली आहेत, कारण गाडी समोर उभी होती. तीच वृत्ती इथं. दारूचं पॅकेज दिवसाला साधारण ७० ते ९० डॉलर, सुटा पेला १२ ते १४ डॉलर. मोंढ्यातल्या माणसानं पहिल्या मिनिटात काढलं: सहा पेल्यांपर्यंत कंपनीचं, सातव्यापासून आपलं. त्यामुळं पहिले सहा पेले कुणीच आनंदानं प्यायलं नाही. ते कर्ज फेडणं होतं. सातव्याला हसू यायला लागायचं, पण सातव्याला हसू येतच असतं, त्यात नफ्याचा वाटा किती हे सांगणं अवघड.

आणि ती ५ मिनिटं! आमच्या लोकांनी आयुष्यात वेळ कधी पाळली नव्हती. लग्नाचा मुहूर्त टळतो, ग्रामसभा दोन तास उशिरा सुरू होते. पण जहाजाच्या बारमध्ये जिंतूरकर मनगटावरच्या काट्याकडं पाहत बसलेला असायचा आणि चार मिनिटं पन्नास सेकंदांना उठायचा.

वाटून पिण्याचे प्रयोग पहिल्याच संध्याकाळी झाले. सेलूच्या शेठनी यादीत नाव दिलं नव्हतं, मेसेजही केला नव्हता. त्यांचा भरवसा माणुसकीवर होता. ते मानवतच्या काकांच्या टेबलावर बसले आणि वेटरला म्हणाले, एक रिकामा ग्लास. वेटरनं ग्लास आणला, बर्फ आणि पाण्यानं भरलेला. पुन्हा मागितला, पुन्हा भरलेला आला. रिकामा ग्लास द्यायचा नाही असं त्याला शिकवलेलं असणार. प्रत्येक पेल्याला कार्ड लावावं लागे आणि कार्ड लावलं की पडद्यावर मालकाचा फोटो. फोटोतल्या माणसाला मिशी आणि समोरच्याला नाही, असं झालं की वेटर अतिशय नम्रपणे पेला मागं घ्यायचा. काकांनी रात्री फोटोची अडचण ध्यानात घेऊन शेठना एक गोष्ट सुचवली, की मिशी वाढवायला तीन आठवडे लागतात, पुढच्या हंगामाची तयारी आत्ताच करा.

यंत्राला फसवलं ते एकट्या पूर्णेच्या पोरानं, तेही दारूशिवाय. थंड पेयाचं यंत्र माणसाला ओळखत नव्हतं. ते ग्लासाला ओळखायचं. ग्लासाच्या बुडाशी एक चकती. ती असली की यंत्र धार सोडणार, ग्लास कुणाच्याही हातात असो. (रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर हे असे ग्लास प्रसिद्ध आहेत.) पोरानं एक ग्लास विकत घेतला आणि तो नऊ माणसांत फिरवला. यंत्रही दोन भरण्यांत थोडं थांबायला लावायचं, म्हणून रांग लागायची. रांगेत परभणीची माणसं आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा तो लाल ग्लास. नियमात हेही बसत नाही. पण मला तरी त्या रांगेत अपराध दिसला नाही. दोन में तीन परदेशात पोचलं आणि त्याचं एक में नऊ झालं एवढंच.

पाथरीचे मामा आणि भाचा यांची गाठ दुसऱ्या रात्री मागच्या डेकवरच्या बारमध्ये पडलीच. एवढं मोठं जहाज, पण बार जिथं निवांत तिथंच दोघांचीही पावलं वळणार, रक्त एक. दोघांच्या हातात पेले. मामा म्हणाले, "ॲपल ज्यूस हे." भाचा म्हणाला, "माझा बी." दोघांनी ज्यूस शांतपणे संपवला. पाच मिनिटांनी दोघांचीही चुळबुळ सुरू झाली, पण आधी उठणार कोण? शेवटी मामाच वडीलधारे. त्यांनी भाच्याला सांगितलं, "जा, दोन ज्यूस आण." भाच्याला एका कार्डावर एकच मिळाला. तो त्यानं मामांना दिला. याला संस्कार म्हणतात.

*

इकडं माऊली पहिले दोन दिवस उदास होते. तीस डॉलर डोक्यात घुमत होते. सकाळी हरिपाठ, मग एक कॉफी, ती कडू, अर्धी टाकलेली. त्यात त्यांना एक शोध लागला: जहाजावर साधं पिण्याचं पाणी फुकट आहे, चोवीस तास, हवं तेवढं. समुद्राचंच पाणी यंत्रानं गोडं करतात. ही बातमी त्यांनी ग्रुपवर टाकली आणि तिला दारूच्या पॅकेजपेक्षा जास्त अंगठे मिळाले. ज्या मुलखात नळाला वार असतो, शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखातल्या माणसाला चोवीस तास गोडं पाणी ही खरी परदेशवारी. मानवतचे काका तर पाण्याच्या नळापाशी उभे राहून तो नुसता चालू-बंद करून पाहायचे. पण माऊलींना आता दुहेरी दुःख. पाणी फुकट असताना आपण प्यायचे पैसे भरले.

मग एकादशी आली. त्यांनी खाड्याचा मुद्दा पुन्हा काढला, की उद्या आमचा उपास, उद्याचं तरी धरू नका. मुलगी पुन्हा हसली. नो सर. माऊली खोलीत आले, पीडीएफ उघडली, पॅकेजात काय काय मिळतं ती यादी वाचत बसले आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. यादीतली बहुतेक प्रत्येक गोष्ट उपासाला चालते! संत्र्याचा रस, कलिंगडाचा रस, अननसाचा रस, दुधाची कॉफी. जहाजावरच्या जेवणात काय चालतं नि काय नाही ते विचारायला इंग्रजी लागलं असतं. रसाला इंग्रजी लागत नाही. त्या दिवशी पहाटेपासून रात्री हरिपाठापर्यंत माऊलींनी किती पेले रिचवले याची नोंद कंपनीकडं असेल. दुपारनंतर तर वेटरच त्यांना पाहून हात जोडायला लागला. अख्ख्या तुकडीत पॅकेजचे पैसे पुरेपूर वसूल झाले ते माऊलींचे, तेही एकादशीला.

आणि त्याच दिवशी जहाज फुकेतच्या वाटेवर अंदमानच्या समुद्रात शिरलं, वारा सुटला आणि जिंतूरकराला बोट लागली. दोन दिवस तो खोलीत आडवा. ७०-९० डॉलर रोजचे चालूच. पोटात पाणीसुद्धा ठरेना. माऊली उशाशी बसून त्याला लिंबाचं सरबत चमच्यानं पाजत होते. सरबत माऊलींच्या पॅकेजातलं. म्हणजे नियमाप्रमाणं हा उघड गुन्हा होता, एकाच्या पॅकेजातलं पेय दुसऱ्यानं पिणं. मी दार लावून घेतलं.

या सगळ्यावर माझं मत विचाराल तर नियम पाडून टाका असं मी म्हणणार नाही. आमच्यासारखे प्रवासी असताना तो लागतोच. पण तो माणसागणिक असावा, खोलीगणिक नसावा. वाटून प्यायची भीती असेल तर रिकामा ग्लास न देणारा तो वेटर पुरेसा आहे. त्यानं जे राखलं ते कलमानं राखलं नसतं.

मोंढ्यातल्या ज्या मंडळींची पुढच्या हंगामात टूर लागेल, त्यांनी एवढं करावं. पिण्याची मोजणी गाडीत, नातेवाइकांसमोर, हात वर करून घेऊ देऊ नका, चिठ्ठ्या टाका. संख्या विषम निघाली तर एका माणसाला घरी राहायला राजी करा किंवा एकाला प्यायला शिकवा, दोन्हीपैकी जे स्वस्त पडेल ते. आणि जहाज कंपन्यांना नम्र विनंती: बुकिंगच्या फॉर्मवर वय विचारता, कशाची ॲलर्जी आहे ते विचारता, त्याच्या खाली एक छोटा रकाना वाढवा. 'माळ आहे का? होय / नाही.' आमचा माळकरी खरं लिहील. त्याला डॉक्टरचं पत्र मागू नका, आणि खाडा नाही धरला तरी चालेल.